हरेश घरत इटलीची वळणं घेतो

ओवे गावातल्या हरेश घरतला नुसतं पाहून कुणाला वाटणार नाही, की या माणसाला गाड्यांच्या पाठलागाचं वेड आहे. अंगाने आडवा, बोलायला सावकाश, चहा बशीत ओतून तो पुरता निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसणारा माणूस. टुरिस्ट गाडी चालवायचा, तीही चाळीसच्या वेगाने. हायवे रिकामा असू दे, मागून ट्रकवाले दिवे मारू देत, काटा पन्नासच्या पुढे सरकला की त्याचा पाय आपोआप उचलला जायचा. मुंबईच्या विमानतळावर जाणाऱ्या गिऱ्हाइकांना तो आधीच बजावून ठेवायचा, "आपण तासभर आधी निघू. मी उडवणारा ड्रायव्हर नाय."

या सवयीचं मूळ खाणीत होतं. खारघरच्या डोंगराला तेव्हा खडीच्या खाणी होत्या आणि ओव्यातली निम्मी तरणी पोरं तिथे कामाला. कुणी डंपरवर, कुणी क्रशरवर. हरेशच्या वाट्याला सुरुंगाची गाडी आली. कोठारातून कांड्या भरायच्या आणि कच्च्या रस्त्याने वर खाणीत पोचवायच्या. गाडीला पुढे-मागे लाल झेंडे. पहिल्याच दिवशी खाणमालकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हरेश, तुला उशीर झाला तर मी एका शब्दाने विचारणार नाही. पण लवकर पोचलास, तर त्याच दिवशी घरी बसवीन."

लग्न झालं, समीक्षा झाली, ती शाळेत जायला लागली, तरी हरेश सुरुंगाचीच गाडी चालवत होता. खड्डा दिसला की उतरून बघायचं. ब्रेक दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. स्टिअरिंगला झटका म्हणून द्यायचा नाही. गावातली म्हातारी माणसं त्याच्या गाडीला बघून बाजूला होत आणि गाडी लांब जाईपर्यंत तिथेच उभी राहत. खाली घरात भामा, त्याची बायको, वरच्या स्फोटाचा आवाज आला की हातातलं काम थांबवायची. सुरुंग उडाला म्हणजे कांड्या नीट पोचल्या आणि नवरा नीट आहे, हे तिने आपल्या मनाशी ठरवून टाकलेलं होतं.

ज्या दिवशी सुरुंग नसे त्या दिवशी हरेश सायकल काढून जुन्या पनवेलला जायचा. तिथे एका गाळ्यात व्हिडिओवर इंग्रजी सिनेमे दाखवत. भाषा कुणालाच कळायची नाही. आलेली माणसं मारामारीसाठी यायची, आणखी कशाकशासाठी यायची. हरेशने तिथे पहिल्यांदा पाठलाग पाहिला. कुठल्याशा परदेशी शहरात छोट्या छोट्या गाड्या पायऱ्यांवरून धडधडत उतरत होत्या, कमानींखालून घुसत होत्या, आणि एका कारखान्याच्या चक्क छतावर गोल गोल पळत होत्या. हरेशचे दोन्ही तळवे घामाने भिजले. त्याचा उजवा पाय बाकाखाली जमिनीवर दाबला जात होता, आणि दाबला तरी काही फुटत नव्हतं. बाहेर आल्यावर त्याने गाळेवाल्याला विचारलं, "हा गाव कंचा?"

गाळेवाल्याने कॅसेटच्या खोक्यावरचं वाचून सांगितलं, "इटली."

तेव्हापासून हरेशचं इटलीशी नातं जुळलं. त्या देशात काय खातात, तिथे राज्य कुणाचं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याला तिथले रस्ते हवे होते. आणि त्याच्या लक्षात यायला लागलं, की जगातल्या सिनेमावाल्यांना गाडीमागे गाडी पळवायची झाली, की ते वरचेवर इटलीलाच जातात. रोमच्या नदीकाठच्या रस्त्यावर, मातेरा नावाच्या दगडी गावाच्या बोळांत, तळ्याच्या कडेने डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांत. खाणी बंद झाल्या, हरेशने टुरिस्ट गाडी घेतली, घरात टीव्ही आला, मग हातात फोन आला, आणि फोनवर तर कुठला पाठलाग कुठे चित्रित झाला ते वळणावळणासकट सापडायला लागलं.

या फोनमुळेच त्याला एकदा मोठा धक्काही बसला. एका हेराच्या सिनेमातला पाठलाग त्याच्या फार आवडीचा होता. गाड्या तळ्याकाठच्या बोगद्यांतून निघतात आणि पुढच्याच वळणावर संगमरवराच्या खाणीत शिरतात. पांढरा डोंगर, पांढरी धूळ, कड्यावरून जाणारा कच्चा रस्ता. खाणीतला माणूस असल्याने हरेशला तो भाग तर आपल्या घरचाच वाटायचा. एके दिवशी त्याने नकाशावर पाहिलं, तर तळं एकीकडे आणि खाण दुसरीकडे. मध्ये चांगला तीन तासांचा रस्ता.

तो दोन दिवस भामाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं तेव्हा म्हणाला, "एका वळणात तीन तासांचा रस्ता खाल्ला त्यांनी."

भामा शिराळी निवडत होती. खारघरच्या सेक्टरांत ती रोज भाजीची पाटी घेऊन बसायची. म्हणाली, "मंग बरा झाला की. तुमी चालवला असता तर सिनेमा संपलाच नसता."

आता या सगळ्यात उदयसिंह जगदाळे कसे आले ते सांगायला हवं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे कराडकडचे, नवीन पनवेलला राहणारे गृहस्थ. त्यांना वेगाची भीती वाटे. मुंबईच्या एका ड्रायव्हरने एकदा त्यांना घाटात असं काही घुसळून काढलं होतं, की त्यानंतर ते कुणाच्या गाडीत बसायला तयार नसत. कुणीतरी हरेशचं नाव सुचवलं. पहिल्या फेरीत उदयसिंह मागे बसले, दुसरीपासून पुढे. कराडला जाताना सगळा वेळ हरेश त्यांना पाठलाग सांगायचा. हात स्टिअरिंगवर, नजर समोर, काटा चाळीसवर, आणि तोंडाने गाडी कड्यावरून खाली चाललेली. उदयसिंहांच्या पत्नी शोभाताई मागे बसून झोपून जात. उदयसिंह मात्र कान देऊन ऐकत. गावाला पोचल्यावरही गाडीतून लवकर उतरायचे नाहीत. "पुलावर पोचलाय ना आता तो? तेवढा पूल होऊ दे."

त्यांची मुलगी चारुता लग्नानंतर इटलीला गेली. तुरिनला. तिचा नवरा राजस तिथल्या एका कंपनीत गाड्यांच्या बॅटरीवर काम करायचा. उदयसिंहांनी ही बातमी हरेशला दिली, तेव्हा हरेशने गाडी कडेला घेऊन थांबवली.

"तुरिन म्हणजे छतावरचा रस्ता, साहेब."

"कसलं छत?"

"कारखान्याचा. तुमी ताईंना विचारा. तिथे हाय."

चारुताला दिवस गेले आणि शोभाताईंनी बाळंतपणाला जायचं ठरवलं, तेव्हा उदयसिंहांची पंचाईत झाली. एकट्याने इथे राहणं त्यांच्याने होणार नव्हतं, आणि तिथे बाळ, बाळंतीण आणि बाळंतिणीची आई यांच्यात आपण काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. गुडघा दुखरा. इतक्या लांबच्या प्रवासात विमान बदलायचं, बॅगा ओढायच्या, याचा धाक वेगळाच. एका संध्याकाळी ते शोभाताईंना न विचारताच हरेशला म्हणाले, "तू चल आमच्याबरोबर. पंधरा-वीस दिवस राहा आणि परत ये. मलाही सोबत होईल. पासपोर्ट आहे ना तुझा?"

पासपोर्ट होता. फार वर्षांपूर्वी हरेशने तो काढून ठेवला होता, मुदत संपल्यावर नवा करून आणला होता, आणि दोन्हींच्या आत एकही शिक्का नव्हता. कशाला काढला म्हणून भामाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "असावा."

तो विचारायला घरी आला तेव्हा भामाने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "जावा. बगून या एकदाचा."

"तू बी चल. साहेबांना सांगू आपण."

"मना काय बगायचंय तिथे? दगड आणि धूळ जन्मभर बगितली. समीक्षा रोडपालीत हाय, ती येल सोबतीला." मग जरा थांबून म्हणाली, "तिथे कुणी पळवायला सांगितली गाडी तर पळवू नका."

तुरिनला पोचले तेव्हा बाळ आठवड्याचं होतं. मुलगी. मनस्वी नाव आधीच ठरलेलं होतं. घर लहान, तिसऱ्या मजल्यावरचं. पहिले काही दिवस हरेशला इटली म्हणजे वाळत घातलेल्या लंगोट्या आणि खिडकीतून दिसणारी ट्राम, एवढीच दिसली. तो न सांगता कामाला लागला. दूध, भाजी, औषधं. दुकानदारांशी त्याचं काही अडत नसे. तो वस्तूकडे बोट दाखवायचा आणि मराठीत बोलायचा, समोरचा त्याच्या भाषेत बोलायचा, आणि दोघांचं भागायचं. राजसने एका रविवारी त्याला आपल्या गाडीची ओळख करून दिली. पनवेलच्या आरटीओतून हरेशने परदेशात चालवायचा परवाना आणला होताच. रिकाम्या पार्किंगमध्ये तो डाव्या बाजूला बसला आणि गियर टाकायला गेला, तर डावा हात दारावर आपटला. पुन्हा आपटला. राजस हसला नाही. म्हणाला, "काका, मलाही महिना लागला होता."

"मना दोन लागतील," हरेश म्हणाला. पण तासाभरात उजव्या हाताला गियर सापडला.

बाळ थोडं मोठं झाल्यावर चारुताने स्वतःच विषय काढला. "हरेशकाका, तुमचं छत बघायला जाऊया. मलाही घराबाहेर पडायचंय."

तो कारखाना आता कारखाना राहिलेला नाही. आत दुकानं आहेत, माणसं पिशव्या घेऊन फिरतात. गाड्या ज्या गोल चढणीने मजल्यामजल्यावरून वर चढत तिच्यापाशी हरेश बराच वेळ मान वर करून उभा राहिला. मग सगळे लिफ्टने छतावर गेले. चारुता बाळाची ढकलगाडी घेऊन पुढे, मागे शोभाताई, उदयसिंह गुडघा सांभाळत.

छतावर बाग होती. रस्ता तोच, लांबच लांब, दोन्ही टोकांना भिंतीसारखा वर चढत गेलेला, पण त्याच्या मधोमध झुडपं लावलेली, लव्हेंडरची का कसली ती जांभळी फुलं, आणि बाकांवर म्हातारी माणसं ऊन खात बसलेली. लांब बर्फाचे डोंगर दिसत होते. गाडी एकही नाही. रबराचा वास नाही.

उदयसिंहांना वाईट वाटलं. त्यांनी हरेशच्या खांद्यावर हात ठेवला. "बदललंय रे सगळं."

मनस्वी रडायला लागली होती. चारुता तिला उचलून घेणार तेवढ्यात हरेश म्हणाला, "ताई, गाडी मी घेऊ?"

त्याने ढकलगाडीचा दांडा धरला आणि निघाला. सरळ रस्ता संपवून तो टोकाच्या वळणाला लागला. तिथे रस्ता एका बाजूने उचललेला असतो, वेगातल्या गाडीला बाहेर फेकू नये म्हणून. हरेश खालच्या कडेने गेला. चाकाखाली दगड येतोय का बघत, बाळाचं डोकं हलतंय का बघत. वळण पुरं होईस्तोवर रडं थांबलं होतं. तो दुसऱ्या टोकालाही गेला, तेही वळण घेतलं, आणि पुन्हा आला. बाकावरची एक म्हातारी बाई काहीतरी बोलली आणि हसली. चारुताने अर्थ सांगितला, "म्हणतेय, हा या रस्त्यावरचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर."

हरेश लाजला. पण त्या संध्याकाळी त्याने भामाला फोन करून सगळ्यांत आधी हेच सांगितलं.

पुढे दोन दिवसांची सहल ठरली ती शोभाताईंमुळे. तीन पुरुष घरात सारखे पायात येतात असं त्यांचं म्हणणं होतं. "राजस, तू यांना घेऊन जा, ते तळं आणि ती खाण काय ते दाखव. तुझीही एक रात्र झोप होईल." राजसने आढेवेढे घेतले, पण चारुतानेही जायलाच लावलं. बाळ जन्मल्यापासून त्याला सलग झोप अशी मिळालेली नव्हती. ऑफिस, रात्रीचं जागरण, पुन्हा ऑफिस. निघाले त्या सकाळी गाडीची किल्ली तो फ्रिजमध्ये शोधत होता. हरेशने ते पाहिलं.

"राजसभाऊ, मी चालवू का?"

"नाही हो काका, तुम्ही खिडकीतून बघा. एवढ्या लांबून आलात."

मोठ्या रस्त्यावर सगळं ठीक चाललं. गार्डाचं तळं लागलं आणि रस्ता अरुंद झाला. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला उभा कडा, आणि कड्यातून कोरत नेलेले बोगदे. बोगद्याच्या भिंतीला मध्ये मध्ये खिडक्यांसारखी भोकं पाडलेली, त्यांतून निळं पाणी चमकून जायचं. हरेशच्या अंगावर काटा आला. हे सगळं तो कित्येकदा बघत आला होता. तो बोलायला लागला, मागे वळून न बघता, कारण मागे उदयसिंह ऐकत आहेत हे त्याला ठाऊक होतं. "आता एक डावं वळण येल साहेब, आणि मंग लगेच काळोख."

वळण आलं. काळोखही आला. आणि त्या काळोखात हरेशला गाडीची चाल बदलल्यासारखी वाटली. वेग तोच, आवाज तोच, पण गाडी हळूहळू मधल्या पांढऱ्या पट्ट्याकडे ओढली जात होती, जसं उतारावर पाणी ओढलं जातं. त्याने शेजारी पाहिलं. राजसचे हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे मिटलेले होते. समोरून बसचे दिवे येत होते.

ओरडला असता तर राजस दचकला असता आणि त्याने स्टिअरिंग कुठेही फिरवलं असतं. हरेशने आवाज केला नाही. त्याने डावा हात पुढे नेला, स्टिअरिंगच्या वरच्या कडेला बोटं लावली आणि ते आपल्याकडे घेतलं. तसूभर. मग आणखी तसूभर. गाडी आपल्या बाजूला आली. बस भुर्रकन शेजारून गेली आणि तिच्या वाऱ्याने गाडी हलली, तेव्हा राजसने डोळे उघडले.

हरेशचा हात अजून तिथेच होता. तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "राजसभाऊ, पुढे मोकळी जागा लागली की थांबू. साहेबांना पाय मोकळे करायचेत."

बोगद्यापलीकडे तळ्याच्या अंगाला थोडी जागा होती. राजसने गाडी तिथे घेतली, बंद केली, आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"काका, मी झोपलो होतो का?"

"डोळा मिटला व्हता. एवढंच."

"घरी लहान बाळ आहे माझं," राजस म्हणाला. मागे उदयसिंह खिडकीतून पाण्याकडे बघत होते. त्यांनी बस पाहिली होती. त्यांनी पुढे वाकून जावयाच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

पुढे हरेशने गाडी घेतली. राजस शेजारी बसला, पट्टा लावला आणि पहिल्याच बोगद्यात गाढ झोपून गेला. तळ्याकाठचा तो सबंध रस्ता, ज्याच्यावर सिनेमावाल्यांनी गाड्यांचा चेंदामेंदा केला, हरेशने चाळीसने चालवला. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजले. मोटरसायकलवाले हातवारे करत पुढे गेले. एका लाल गाडीतल्या माणसाने काच खाली करून लांबलचक काहीतरी ऐकवलं. हरेशने त्याला मान डोलावून नमस्कार केला. जागा मिळेल तिथे तो कडेला होऊन रांगेला पुढे सोडायचा आणि पुन्हा आपल्या चालीने निघायचा.

"हरेश," मागून उदयसिंह हळू आवाजात म्हणाले.

"बोला साहेब."

"थांबलास का? सांग ना पुढचं. बोगद्यातून बाहेर पडल्यावर काय होतं?"

हरेशने आरशात पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे भरलेले होते, पण चेहरा हसरा होता. मग हरेश सांगायला लागला, राजस जागा होणार नाही इतक्या हळू. इथे ट्रक आडवा येतो. इथे दार निखळून पडतं. इथे मागची गाडी पाण्यात जाते. तो रस्ता संपून तळ्याच्या वरच्या टोकाचं गाव आलं तेव्हा पाठलागही संपला होता आणि राजस अजून झोपलेलाच होता.

रात्री एका लॉजमध्ये राहून दुसऱ्या दिवशी ते काराराच्या त्या संगमरवराच्या खाणींवर गेले. सिनेमात जी वाट एका क्षणात संपली होती ती सरायला त्यांना जेवणाची वेळ झाली. खाणीत आपली गाडी नेता येत नाही, तिथल्या जीप असतात. त्यांच्या वाट्याला आलेल्या जीपची ड्रायव्हर बाई होती. पांढरे केस मागे बांधलेले, हात खरखरीत, वय भामाहून थोडं जास्तच. नाव ब्रूना. तिने हरेशला पुढे बसवलं आणि जीप अशा चढाला घातली, की उदयसिंहांनी मागे देवाचं नाव घेतलं. वळणावर जीप एका दमात वळायची नाही. ब्रूना कड्याच्या टोकापर्यंत न्यायची, मागे घ्यायची, पुन्हा पुढे. आणि हे करताना ती एका हाताने बोलायची.

वर सगळं पांढरं होतं. डोंगराच्या पायऱ्या पायऱ्या कापलेल्या, घराएवढे ठोकळे उतरवून ठेवलेले. राजसने ब्रूनाला इटालियनमध्ये सांगितलं, की हे काका खाणीत सुरुंगाची गाडी चालवायचे. ब्रूनाने हरेशकडे नव्याने पाहिलं. तिचा बाप याच खाणीत होता. आता सुरुंग फारसे लावत नाहीत, हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने दगड कापतात, असं तिने सांगितलं, आणि एका ठिकाणी ती तार कशी चालते ते दाखवलं. तारेवर पाणी पडत होतं. हरेश तिथे उकिडवा बसला आणि कापलेल्या दगडावरून हात फिरवत राहिला.

"आमचा डोंगर फोडून खडी केली," तो म्हणाला. "ती सगळी रस्त्याखाली गेली, बिल्डिंगांत गेली. आता कुणाला दिसत नाय."

राजसने ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमचाही बराचसा संडास-न्हाणीघरातच जातो."

शूटिंगचं विचारलं तेव्हा ब्रूना हसली. असल्या गाड्या आल्या की रस्त्यावर पाणी मारायचं काम तिच्याकडे असायचं, धूळ कॅमेऱ्यासमोर येऊ नये म्हणून. कधी उलट, धूळ उडवायलाच सांगायचे. एका वळणासाठी दिवसच्या दिवस. गाडी सावकाश न्यायची, परत आणायची, कॅमेरा हलवायचा, पुन्हा न्यायची. खरा वेग आला तो शेवटी, तोही जेवणाची सुट्टी होण्याआधी थोडा वेळ. "आणि तू," तिने हरेशला विचारलं, "तू किती वेगाने चालवतोस?"

हरेशने चार बोटं दाखवली आणि मग मूठ मिटून शून्य केलं. ब्रूनाने मान हलवली, जशी दोन माणसं एकाच गावची निघाल्यावर हलवतात, आणि उतरताना जीप मुद्दाम अगदी हळू आणली.

तुरिनला परतल्यावर राजसने बोगद्यातली गोष्ट स्वतःच चारुताला सांगितली. ती त्याच्यावर रागावली, रडली, मग बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "भामाकाकू, मी चारुता बोलतेय, जगदाळ्यांची." दार लावल्यामुळे पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

हरेश ओव्याला परत आला तेव्हा लोक भेटायला आले. सगळ्यांचा एकच प्रश्न, किती पळवली? हरेशने खरं ते सांगितलं. पोरं निराश होऊन उठून गेली. भामाने चहा केला आणि त्याच्यासमोर बसली. बोगद्याचा विषय तिने काढला नाही. नुसतं त्याचा डावा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटासुलटा करून पाहिला, आणि ठेवून दिला.

"ती जीपवाली बाई," ती मग म्हणाली. "किती वर्षांची असंल?"

"तुज्यापरीस मोठी."

"आणि रोज वर जाते?"

"रोज. दोन-दोन फेऱ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी उंबऱ्यात ठेवून भामा गाडीच्या उजव्या दारापाशी जाऊन उभी राहिली. "मना शिकवा. रिक्षावाले पाटी बगून थांबत नाय."

हरेशने पुष्कळ कारणं सांगितली. तिने ऐकून घेतली आणि गाडीत जाऊन बसली. खारघरच्या मोकळ्या मैदानात तो तिला रोज पहाटेचं शिकवू लागला. झटका द्यायचा नाही, ब्रेक टेकवायचा, खड्डा आला तर उतरून बघायचं. पहिल्या दोन गोष्टी ती शिकली. तिसरी तिने शिकायला नकार दिला. खड्डा दिसतो की इथूनच, ती म्हणाली.

पावसाळ्यानंतर तिला लायसन मिळालं. आता ती भाजी घेऊन खारघरला स्वतः जाते. एका बुधवारी हरेश तिच्या शेजारी बसून गेला. उदयसिंह नुकतेच इटलीहून परतले होते, त्यांना भेटायला पुढे नवीन पनवेलला जायचं होतं. मागे पाटीत गवार आणि लाल माठ. ओव्याच्या रस्त्याला लागल्यावर हरेशने काट्याकडे पाहिलं. पंचावन्न. त्याचा पाय जमिनीवर दाबला गेला.

"भामे, जरा हळू."

"मागची मानसं हारन मारतात. त्यांना बी कामं हायत."

हरेशने दाराच्या वरची मूठ घट्ट धरली. पुढच्या वळणावर तिने वेग कमी केला, गियर बदलला, आणि गाडी कडेला न लागता सुरेख वळली. त्याला ते दिसलं. त्याने पट्टा ओढून नीट केला आणि तो मागे टेकून बसला.